उंटाच्या मदारीतलं पाणी

एका राज्यात राजाच्या शब्दापेक्षा एका दगडाचा शब्द मोठा मानला जाई. राजधानीच्या पूर्वेला राजाची पशुवाटिका होती. तिच्या मधोमध एक काळा, गुळगुळीत दगड होता आणि त्याला लोक बोलशिळा म्हणत. भोवती वर्तुळात देशोदेशीच्या जनावरांची कुंपणं होती. पहिल्या राजाने रान तोडून नगर वसवलं, तेव्हा त्याने पशूंना वचन दिलं होतं: "तुम्हाला मी कुंपणात ठेवतो आहे. त्या बदल्यात या शिळेवरून तुमच्याविषयी खरं तेवढंच बोललं जाईल." पशूंनी मान डोलावली आणि ते कुंपणात शिरले. त्यांना दुसरा इलाज नव्हता, हेही सांगून टाकलेलं बरं.

दर महिन्याच्या शुद्ध अष्टमीला वाटिकेचं दार प्रजेसाठी उघडे. राजाचा वर्णक भगवं पागोटं बांधून शिळेवर चढे, एकेका कुंपणाकडे तोंड करी आणि त्या जनावराची ओळख देई. ओळख तीन गोष्टींची असे: नाव, ठाव आणि गुण. शिळेवरून जे सांगितलं जाई ते लोक घरी नेत, पोराबाळांना शिकवत, त्यावर पैजा लावत. "शिळेवरचं आहे" असं म्हटलं की वाद मिटे.

आमच्या कथेतला वर्णक म्हणजे मंजुघोष. त्याचा आवाज असा गोड, की पाणी भरायला निघालेल्या बायका घागरी खाली ठेवून ऐकत राहात. त्याच्या बापाचा आवाज घोगरा होता. पण बाप दिवसभर कुंपणांपाशी बसून असे, आणि अष्टमीला दोनच वाक्यं बोले. "जिराफाच्या मानेत मणके सातच, तुमच्याआमच्या मानेत असतात तेवढेच." "रोहित पक्ष्याचं पिल्लू राखाडी असतं. ते जे खातं त्यानं पुढं गुलाबी होतं." लोक ऐकत, जांभया देत आणि गूळफुटाणे खात निघून जात.

बाप गेला आणि पागोटं मंजुघोषाच्या डोक्यावर आलं. पहिल्याच अष्टमीला लोकांच्या जांभया बघून त्याचं तोंड सुकलं. समोर शहामृग उभा होता. कसं कोण जाणे, त्याच्या तोंडून निघून गेलं, "संकट दिसताच हा वाळूत डोकं खुपसतो! आपल्याला दिसत नाही म्हणजे जगालाही आपण दिसत नाही, असं त्याला वाटतं!" लोक पोट धरधरून हसले. मंजुघोषाला आयुष्यात पहिल्यांदा टाळी मिळाली, आणि ती त्याच्या कानात घर करून बसली.

मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. कुंपणांपाशी जाऊन बसायची गरजच उरली नाही. घरी गादीवर लोळत तो नवे गुण रचू लागला. एका अष्टमीला तो उंटापुढे म्हणाला, "पाठीवरचा हा उंचवटा, ही मदार, म्हणजे पाण्याची मशक आहे! देवानं उंटाला चालती विहीर केलं आहे!" त्या दिवशी टाळ्या थांबता थांबेनात. गर्दीत युवराज अमरकेतूही होता. त्यानेही टाळी वाजवली.

वर्षभराने काय झालं, की वाळवंटापलीकडच्या राजाकडे तहाचं पत्र घेऊन युवराज निघाला. सोबत सात उंट आणि त्यांना हाकणारा हरबा सारवान. हरबा म्हणाला, "युवराज, पाण्याच्या मशका चौदा तरी घेऊ."

युवराज हसून म्हणाला, "सात उंट म्हणजे सात विहिरी. शिळेवरचं आहे. मशकांच्या जागी नजराणे लादा."

हरबाने पुष्कळ विनवलं. पण सारवानाचा शब्द कुठे आणि शिळेचा कुठे!

तीन महिन्यांनी हरबा एकटा परत आला. त्याचे ओठ फुटले होते, डोळे खोल गेले होते, आणि हातात एका अनोळखी उंटाची दोरी होती. त्या उंटाच्या मदारीवर वीतभर लांब, उघडी जखम होती. हरबा राजापुढे गुडघे टेकून म्हणाला, "महाराज, हेच युवराज."

दरबार हादरला. हरबाने सांगितलं ते असं. चौथ्या दिवशी वाटेतली विहीर आटलेली निघाली. तहानेने वेडा झालेल्या युवराजाने कट्यार काढली आणि सगळ्यांत पुढे चालणाऱ्या झुंबर नावाच्या सांडणीची मदार चिरली. पाण्याचा थेंब नव्हता. आत होती नुसती चरबी. झुंबर कोसळली, ती पुन्हा उठली नाही. तिचं रक्त वाळूवर पडलं तशी वाळू उभी राहिली आणि तिची बाई झाली. ती वाळूमाय, वाळवंटाची मांत्रिकीण. तिने युवराजाच्या कपाळावर चिमूटभर वाळू टाकली आणि म्हणाली, "तूच उंट हो. तू कसला भरला आहेस ते लोकांना कापून बघू दे." युवराज उंट झाला, मदारीवर तीच जखम घेऊन. बाकीचे सहा उंट वाळूमायच्या मागोमाग निघून गेले. वाळूमाय हरबाला म्हणाली, "ज्यानं हिला विहीर केलं, तोच याला माणूस करील."

राजाने विचारलं, "मदारीत चरबी होती म्हणतोस?"

"होय महाराज. सगळे सारवान जाणतात. उंट उपाशी राहिला की मदार लुळी पडते, खाऊ घातलं की पुन्हा भरते."

"आणि शिळेवरून तर पाणी सांगितलं आहे."

दरबारात कुजबूज झाली. शिळेवर खोटं बोललं जात नाही. तेव्हा खोटा कोण, हे उघड होतं. तरी राजा न्यायी होता. त्याने मंजुघोषाला बोलावलं.

मंजुघोष आला. हरबाची हकिगत त्याला ऐकवली गेली. त्याने हरबाकडे पाहिलं, मग त्या उंटाकडे पाहिलं. उंट त्याच्याकडेच बघत होता, आणि ती नजर जनावराची नव्हती. मंजुघोषाला सगळं एका क्षणात कळलं. पायांखालची धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. धरणी जागची हलली नाही.

राजा म्हणाला, "वर्णका, उंटाच्या मदारीत काय असतं?"

सभा त्याच्या तोंडाकडे बघत होती. खरं बोलायला एकच शब्द पुरे होता. पण त्याचाच तो गोड आवाज त्याच्या कानांवर पडला, जणू दुसऱ्याच कुणाचा असावा.

"पाणी, महाराज."

हरबाने मान वर केली. तो रागावला नाही, ओरडला नाही. त्याने फक्त मंजुघोषाकडे पाहिलं, अगदी नवलाने. राजाने आज्ञा केली, "युवराजाचा घात करून हा कथा रचतो आहे. येत्या शुद्ध अष्टमीला याला हत्तीच्या पायी द्या. या उंटाला वाटिकेत बांधा."

अष्टमीला अठ्ठावीस दिवस होते.

मंजुघोष घरी गेला नाही. तो वाटिकेत जाऊन शिळेला पाठ टेकून बसला. मदारीविषयी पहिल्यांदा तो हौसेनं खोटं बोलला होता, दुसऱ्यांदा भीतीनं, आणि या दुसऱ्या खोट्यानं माणूस मरणार होता. हे त्याला पुरतं समजत होतं. ते कुणाला सांगायचं धैर्य मात्र त्याला होत नव्हतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्याने पागोटं काढून मांडीखाली दडवलं.

"बस. बसलास ते बरं केलंस. मला वाटलं, तुला बसता येतच नाही," घोगरा आवाज आला.

मंजुघोष दचकून उठला. आवाज त्याच्या बापाचा होता. समोर दांडीवर म्हातारा काकाकुवा बसला होता. काकाकुवा माणसाएवढं जगतो, आणि ज्याचा आवाज मनात भरेल तो उचलतो. याने दोन वर्णक पाहिले होते, पण आवाज एकाचाच उचलला होता.

"तुला सगळं ठाऊक आहे?" मंजुघोषाने विचारलं.

"पक्ष्यांना सगळ्यांची भाषा येते. सांगत नाही, इतकंच. त्या उंटानं मला वाळूमायचा बोल सांगितला. त्यातलं अर्धंच सारवानाला ऐकू आलं. तुला तीन खऱ्या गोष्टी आणायच्या आहेत. पहिली, लांबून आलेल्या जनावराची. दुसरी, घरातल्या जनावराची. दोन्हींविषयी तू खोटं बोलला आहेस. खरं तुझ्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. कुणी सांगितलेलं चालणार नाही."

"आणि तिसरी?"

"तिसरी झुंबरला मारणाऱ्या जनावराची. ती शिळेवरून, सगळ्यांदेखत."

"कट्यार तर युवराजांच्या हातात होती."

"मी कट्यारीचं विचारलंच नाही," असं म्हणून काकाकुव्याने डोळे मिटले. बापही असाच बोलणं मध्येच संपवून टाके.

पहिल्या कामासाठी मंजुघोष शहामृगाच्या कुंपणापाशी गेला. इतक्या जवळ तो कधी गेलाच नव्हता. शहामृगाच्या अंगावर, मानेवर, पायांवर जागोजाग खरचटल्याच्या खुणा होत्या. जमिनीवर दगडांचा खच होता. आधी त्याला उमजेना. मग आठवलं, की दर अष्टमीला लोक हसत हसत याला खडे मारतात. कशाला? संकट दिसल्यावर हा वाळूत डोकं कसं खुपसतो ते बघायला. मंजुघोषाने शिळेवर उभं राहून ते पाहिलंही होतं, आणि तोही हसला होता.

तो कुंपणाच्या आत शिरला तसा शहामृग धावून आला. शहामृगाच्या लाथेने सिंहाची बरगडी मोडते. मंजुघोषाची मांडी तेवढी सुजली, हे त्याचं नशीब. तो सरपटत कोपऱ्यात गेला आणि तिथेच बसला. एक दिवस बसला, दोन दिवस बसला. तिसऱ्या दिवशी शहामृगांना त्याचा विसर पडला.

कुंपणात नर आणि मादी अशी जोडी होती. चौथ्या दिवशी भर दुपारी मादीने मान वाकवली आणि तिचं डोकं वाळूत दिसेनासं झालं. मंजुघोष चटकन पुढे वाकला. आपण बोललो ते खरं निघालं की काय! क्षणभर त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लगेच लाज वाटली. तो पोटावर सरपटत जवळ गेला. तिथे उथळ खड्डा होता. खड्ड्यात नारळाएवढी अंडी होती, आणि मादी चोचीने एकेक अंडं हळूच फिरवत होती, सगळ्या बाजूंनी सारखी ऊब लागावी म्हणून. संध्याकाळी काळा नर आला. मादी उठली आणि नर तिच्या जागी बसला. सकाळी पुन्हा मादी. पाळीत कधी चूक नाही.

नऊ अंडी होती. त्यातली तीन दगड लागून फुटलेली होती. मादी तीही फिरवत होती.

मंजुघोष कुंपणाबाहेर आला. तो उंटाकडे गेला. मदारीवरची जखम एक तृतीयांश मिटली होती. उंटाने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या कामासाठी त्याला वाटिकेच्या टोकाला जावं लागलं. तिथे शेळ्या, गाढवं, कोंबड्या, म्हशी असत. घरचीच जनावरं, त्यांना कोण बघायला येतो! वर्णकही तिकडे नुसतं तोंड करून एक वाक्य फेकी. शेळीविषयी मंजुघोषाने सांगून टाकलं होतं, "मान खाली घातली की हिला जग दिसेनासं होतं. म्हणून लांडग्याला ती फुकट मिळते."

शेळ्यांच्या आवारात एक बाई खराट्याने लेंड्या गोळा करत होती. तिने मान वर केली. "अगंबाई, वर्णक! वाट चुकलात जणू?"

"शेळी बघायला आलो."

"शेळी? घरात दूध कुणाचं पिता मग?" ती हसली, पण हसू तिच्या डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "बसा. हितं पाट न्हाई, लेंड्या हायेत."

तो बसला. शेळीचा डोळा त्याने प्रथमच नीट पाहिला. त्यातली बाहुली गोल नव्हती. ती आडवी होती, दाराच्या फटीसारखी. पण एवढ्याने काम भागत नव्हतं. त्याने दोन दिवस घालवले, तीन दिवस घालवले. बाई रोज झाडे, चारा टाके आणि जाताना त्याच्यापुढे अर्धी भाकरी आणि कांदा ठेवी.

चौथ्या दिवशी ती म्हणाली, "काय शोधताय ते सांगा की. म्या लहानपणापास्नं शेळ्या राखल्यात. मला ठावं असंल."

"सांगितलेलं चालत नाही. मलाच दिसायला हवं."

"व्हय, शिळेचं काम म्हंजे तसंच असणार." ती खराटा टेकून उभी राहिली. "वर्णक, येक इचारू? राग मानू नगा. माझा धनी उंट हाकायचा. हरबा त्याचं नाव."

मंजुघोषाच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

"बारा वर्सं नांदले त्याच्यासंगं. कधी खोटं बोलला न्हाई. घरात मीठ न्हाई तर न्हाई म्हनायचा, हाय तर हाय. आन् आता म्हनतो, मदारीत पानी नव्हतं. शिळेवरनं तुमी सांगितलेलं म्या माझ्या कानांनी ऐकलंय. मग मी कुनाचं खरं मानू? काल कोठडीवर गेले, तर त्याला म्हनलं, धनी, खरं सांगून टाका, महाराज दया करतील." तिने पदराने नाक पुसलं. "तो माझ्याकडं नुसता बघत ऱ्हायला."

मंजुघोषाने सांगायला तोंड उघडलं. त्या तोंडात तिच्याच भाकरीचा घास होता. तो त्याला गिळवेना आणि थुंकवेना. शेवटी तो म्हणाला, "तुझं नाव काय, बाई?"

"भिवरा."

एवढंच बोलणं झालं. ती खराटा घेऊन निघून गेली. मंजुघोष शेळ्यांमध्ये पालथा पडला आणि मातीत तोंड घालून रडला. आपल्या एका टाळीपायी एका बाईचा आपल्या माणसावरचा विश्वास गेला. शिक्षा हरबाला अष्टमीला होणार होती, पण हिची तर आत्ताच चालू होती.

रडून त्याने डोळे उघडले तेव्हा त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर एक शेळी मान खाली घालून चरत होती. तो जमिनीवर पडला होता म्हणूनच त्याला ते दिसलं. त्याने एक काडी उचलली आणि जमिनीला समांतर धरली. शेळीने मान वर केली, तेव्हा बाहुलीची फट काडीशी समांतर होती. मान पार खाली घातली, तरी फट काडीशी समांतरच! तोंड खाली वळत होतं तसा डोळा खोबणीत उलटा फिरत होता. मान कितीही खाली जावो, तिची नजर जमिनीला धरून सपाट, चौफेर पसरलेली राही. पाठीमागून कोण येतं तेही तिला दिसत होतं.

मंजुघोष दिवसभर काडी धरून पडून राहिला, आणि दर शेळीचं तेच दिसलं. खालमानेनंही जग बघता येतं, एवढं त्याला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी उंटाची जखम आणखी एक तृतीयांश मिटली होती.

आता तिसरं काम राहिलं. ते करायला ना कुंपणात शिरायचं होतं, ना कुठे बसून राहायचं होतं. तरी मंजुघोष रोज सकाळी म्हणे "उद्या". राजवाड्याच्या दारापर्यंत जाई आणि परत येई. एकदा पहारेकऱ्याने विचारलं, "काय काम आहे?" तर म्हणाला, "सहज." अष्टमीला दहा दिवस उरले, पाच उरले, एक उरला. काकाकुव्याला त्याने विचारलं, "शिळेऐवजी महाराजांच्या एकट्याच्या कानांत सांगितलं तर?" काकाकुव्याने मंजुघोषाच्या बापासारखा खोकला काढला.

अष्टमी उजाडली. वाटिका माणसांनी फुलून गेली. कुंपणाबाहेर हत्ती उभा होता आणि त्याच्या पायांपाशी हरबाला बांधलं होतं. भिवरा गर्दीच्या कडेला, पदर तोंडात धरून उभी होती. राजा आसनावर बसला. रिवाज असा, की आधी ओळखी व्हायच्या आणि मगच शिक्षा.

मंजुघोष शिळेवर चढला. पागोटं त्याच्या डोक्यावर नव्हतं. लोकांना वाटलं, विसरला असेल.

त्याने जिराफाकडे तोंड केलं नाही, सिंहाकडे केलं नाही. तो गर्दीकडेच बघत राहिला, आणि त्याचा गोड आवाज चिरकला.

"आज नवं जनावर आहे. नाव मंजुघोष, जात माणसाची. ठाव ही शिळा. गुण असा, की हा जे पाहत नाही ते सांगतो. बाकीचे पशू चाऱ्यावर जगतात, हा टाळीवर जगतो. टाळी मिळाली नाही तर याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. शहामृग वाळूत डोकं खुपसत नाही. तो अंडी फिरवतो. तुम्ही मारलेल्या दगडांनी त्यातली तीन फुटली, आणि मारायला मी शिकवलं. मान खाली घातलेल्या शेळीला सगळं दिसतं. आणि उंटाच्या मदारीत पाणी नाही. चरबी आहे. हरबा खरं बोलला. महाराजांनी मला भर दरबारात विचारलं, तेव्हा मला हे कळलेलं होतं. तरी मी पुन्हा पाणीच म्हणालो. झुंबरला मी मारलं. हरबाला मी मारायला निघालो होतो."

क्षणभर कुणाला काही उमजलं नाही. मग पहिला दगड आला. तो मंजुघोषाच्या खांद्याला लागला. दुसरा कपाळाला लागला. लोकांचा राग वाजवी होता, कारण त्यांनी ते खोटं घरी नेलं होतं, पोरांना शिकवलं होतं. मंजुघोषाने हात वर केले नाहीत, तोंडही झाकलं नाही. कपाळावरून रक्त ओघळत असताना तो म्हणाला, "गुण पुरे झाले नाहीत. अजून आहेत," आणि त्याने बाकीचं एकेक खोटं परत घेतलं. ती सत्तेचाळीस निघाली. विसाव्याच्या सुमाराला दगड थांबले.

शेवटचं खोटं परत घेतलं आणि उंट गुडघ्यांवर बसला. मदारीची जखम मिटली, मदार विरली, आणि तिथे युवराज अमरकेतू गुडघे टेकलेला दिसला. राजा आसनावरून धावत उतरला. पण युवराज बापाकडे गेला नाही. तो हत्तीजवळ गेला, हरबाच्या दोऱ्या त्याने स्वतः सोडल्या आणि म्हणाला, "तू मशका घेऊ म्हणालास. मी ऐकलं नाही. झुंबर तुझी होती, आणि कट्यार माझी होती."

हरबा म्हणाला, "आठ वर्सांची होती. माझ्या हाकेवर बसायची." त्याच वेळी वाटिकेच्या दारातून वाळूची एक वावटळ आत आली. ती विरली तेव्हा तिथे सहा उंट उभे होते. सातवा नव्हता. वाळूमायला शाप मागे घेता येतो, मेलेलं परत देता येत नाही.

राजाचा चेहरा तांबडा झाला होता. तो म्हणाला, "वर्णका, ज्या जिभेनं हे केलं ती जीभ छाटली पाहिजे. हरबा, न्याय तुझा. बोल."

मंजुघोष शिळेवरून उतरून हरबापुढे उभा राहिला. त्याला क्षमा मागायची होती, पण शब्द फार गुळगुळीत वाटले, म्हणून त्याने मागितलीच नाही. हरबाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जीभ असू द्या, महाराज. छाटली तर सुटंल. त्यापेक्षा तिला रोज खरं बोलू द्या. तेच जड जाईल."

तसंच ठरलं. हरबा भिवराकडे गेला. ती खाली मान घालून म्हणाली, "म्या तुमचं खरं मानलं न्हाई." हरबा म्हणाला, "चल घरी. उंट उपाशी हायेत." त्यांच्या घरात ते दुखणं किती दिवस राहिलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

राजाने नवा नेम घातला. वर्णकाने महिनाभर कुंपणात बसावं, आणि जे दिसेल तेवढंच अष्टमीला सांगावं. पागोटं त्याला परत मिळालं नाही. पुढल्या अष्टमीला जेमतेम चाळीस माणसं आली. मंजुघोष शिळेवर चढला. कपाळावरची खूण अजून लाल होती. त्याने हत्तीचं सांगितलं: दूरच्या हत्तीची हाक तो पायांनीही ऐकतो, म्हणून असा एकदम थबकतो. कुणी टाळी वाजवली नाही. दोघंतिघं जांभई देऊन गेली. त्याला ते झोंबलं. अजूनही झोंबतं, याची त्याला आणखी लाज वाटली.

तेवढ्यात गर्दीतून भिवरा पुढे आली. त्या दिवसानंतर ती त्याच्याशी बोलली नव्हती. भाकरी तर सोडाच, आवारात तो बसला असला तर ती दुसऱ्या बाजूने झाडत जाई. ती मगरीच्या डबक्याकडे बोट दाखवून सगळ्यांदेखत म्हणाली, "वर्णक, मगर रडती म्हंत्यात. का रडती?"

मंजुघोषाने मगरीकडे पाहिलं. जिभेवर उत्तर तयार होतं. एक नव्हे, तीन तयार होती, आणि तिन्ही सुंदर होती. एकात मगरीचं हरवलेलं पिल्लू होतं, एकात नदीचा शाप होता. ऐकून चाळीसही माणसं रडली असती. त्याचे कान तापले. त्याने मान खाली घातली, पण नजर भिवरावर ठेवली.

"मला ठाऊक नाही, भिवराबाई," तो म्हणाला.

शिळा उभी राहिल्यापासून तिच्यावरून हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. लोक एकमेकांकडे बघू लागले.

"मग बसून बघा," भिवरा म्हणाली. "फुडल्या अष्टमीला इचारायला येईन."

आणि खराटा घेऊन ती शेळ्यांकडे गेली. मंजुघोष शिळेवरून उतरला आणि मगरीच्या डबक्याकाठी जाऊन बसला.

त्या राज्याची विस्कटलेली घडी अशी पुन्हा बसली. ऐकणाऱ्याचे कान शहाणे होवोत, आणि सांगणाऱ्याच्या जिभेला लगाम राहो.